निशी-कासाईतलं माझं बाळंतपण: प्रसूतिगृह, विमा आणि बिलाचा पूर्ण हिशोब

"ताई, तुम्हाला एकूण किती खर्च आला?" महिन्यातून एखादा तरी असा फोन येतो. कुणी नुकतीच लग्न करून टोकियोत आलेली असते, कुणाला दुसरा महिना लागलेला असतो आणि घरी अजून सांगितलेलं नसतं. नुसता आकडा सांगून भागत नाही. तो ऐकून एक तर धसका बसतो, नाहीतर माणूस उगाच निर्धास्त होतो. गेल्या महिन्यात लेकीचा पहिला वाढदिवस झाला, तेव्हा फाइलमधली सगळी बिलं परत बाहेर काढली आणि जसं घडलं तसं लिहायला बसले.

मी मूळची कराडची. टोकियोतल्या निशी-कासाईत हे सहावं वर्ष. सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते, त्यामुळे विमा माझ्याच नोकरीचा, म्हणजे शाकाई होकेन. ज्यांच्या घरात कुणाचाच कंपनीचा विमा नसतो ते कुयाकुशोतून, म्हणजे वॉर्ड ऑफिसातून, कोकुमिन केन्को होकेन घेतात. दोन्हींत दवाखान्याच्या बिलाचा तीस टक्के वाटा आपला, सत्तर टक्के विम्याचा. आपल्याकडच्या मेडिक्लेमसारखी आधी मंजुरी घ्या, मग टीपीएची, म्हणजे दावे तपासणाऱ्या मधल्या कंपनीची, वाट बघा, असं काही नाही. कार्ड दाखवायचं, तीस टक्के भरायचे, घरी जायचं.

या सवयीनं मी धरून चालले होते की बाळंतपणालाही तीस टक्केच पडतील. तसं नाही. नॉर्मल बाळंतपण हा इथं आजार धरत नाहीत, म्हणून त्याला सत्तर-तीसचा नियम लागत नाही आणि प्रत्येक प्रसूतिगृह आपला दर स्वतः ठरवतं. त्याऐवजी विमा ठोक रक्कम देतो, बाळामागे ५ लाख येन. एप्रिल २०२३ च्या आधी हीच रक्कम ४ लाख २० हजार होती. नोकरी करणारीला ती स्वतःच्या विम्यातून मिळते, घरी असलेलीला नवऱ्याच्या. प्रसूतिगृहात एका करारावर सही केली की पैसे थेट त्यांच्याकडे जातात आणि आपण फक्त वरचे भरायचे. बिल पाच लाखांच्या आत आलं तर उरलेले पैसे मागून आपल्याला मिळतात. टोकियोत मात्र तशी आशा धरू नका, इथं नॉर्मलचं बिलही सहा लाखांच्या पुढे सहज जातं. माझ्या बाळंतपणाच्या वेळच्या, म्हणजे २०२४ अखेरच्या दरानं एक येन म्हणजे साधारण ५५ पैसे, तेवढं डोक्यात ठेवून पुढचे आकडे वाचा.

आईचं म्हणणं होतं, पहिलं बाळंतपण माहेरीच. गंमत म्हणजे जपान्यांतही हीच रीत आहे. त्याला सातोगाएरी म्हणतात, पोर बाळंतपणाला आईकडे जाते. माझ्या ऑफिसातल्या दोघी अशाच गेल्या होत्या, त्यामुळे मी कराडला जाते म्हटलं असतं तर कुणाला नवल वाटलं नसतं. आणि हे फार थोड्या जणींना माहीत असतं: भारतात बाळंत झालात तरी जपानचा विमा ही मदत देतो. ती ४ लाख ८८ हजार येन मिळते, कारण वरचे १२ हजार बाळंतपणात बाळाला गंभीर इजा झाली तर पैसे देणाऱ्या ज्या भरपाई योजनेचे असतात ती परदेशातल्या प्रसूतिगृहांना लागू नाही. खर्च मात्र आधी आपण करायचा, जन्मदाखला, त्याचं जपानी भाषांतर, पासपोर्टवरचे शिक्के असे कागद जोडायचे आणि दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा. ज्या माहेरी जाणार असतील त्यांनी निघण्यापूर्वी आपल्या विमा कार्यालयातून कागदांची यादी लेखी घ्या. कराडहून फोनवर जपानीत हे सगळं विचारत बसणं फार कठीण जातं.

मी गेले नाही. सातव्या-आठव्या महिन्यात विमानानं जायचं, नवरा इथं, मी तिथं, आणि नंतर तान्ह्या बाळाच्या व्हिसाची वाट बघायची, हे मला नको होतं. त्यामुळे आईच ९० दिवसांच्या व्हिसावर आली. येताना अळीव, डिंक, बाळंतशेपा आणि ओवा घेऊन आली.

आता प्रसूतिगृहाबद्दल. निशी-कासाई स्टेशनपासून बसनं पंधरा मिनिटांवरचं खाजगी क्लिनिक. नाव लिहीत नाही, कारण मला चांगलं आणि तक्रारीचं दोन्ही मोकळेपणानं सांगायचंय. इथं १९ खाटांपर्यंतची जागा ती क्लिनिक आणि २० पासून पुढे हॉस्पिटल. क्लिनिकमध्ये सुइणी तुम्हाला नावानं ओळखतात, रांग कमी असते. पण बाळाला अतिदक्षता लागली तर ॲम्ब्युलन्सनं मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागतं. कुठल्या हॉस्पिटलात नेणार हे पहिल्याच भेटीत विचारा. मला त्यांनी नकाशावर बोट ठेवून दाखवलं आणि किती मिनिटं लागतात तेही सांगितलं. ते मला फार बरं वाटलं.

जागा लवकर धरावी लागते. मी बाराव्या आठवड्यात नाव घातलं, विसाव्याला ५०,००० येन अनामत भरली, ती शेवटच्या बिलात वळती झाली.

कुयाकुशोच्या आरोग्य केंद्रात गरोदरपणाची नोंद केली की बोशी तेच्यो हातात पडतं, आईचं आणि बाळाचं नोंदवही-पुस्तक. जपानात हे १९४८ पासून चालत आलंय, इंग्रजीतही मिळतं. त्याबरोबर तपासण्यांची १४ कुपनं. आमच्यासारख्यांचा इथं गैरसमज होतो. कुपन म्हणजे तपासणी फुकट असं नाही, ठराविक रकमेपर्यंतच ते चालतं. दर वेळी मी दोन ते सात हजार वरून भरले. गरोदर आहे हे पक्कं करणाऱ्या सुरुवातीच्या भेटी कुपनाच्या आधीच्या, त्या पूर्ण आपल्या खिशातून. सगळं मिळून माझे ७०,००० च्या आसपास गेले. कुपनं टोकियोपुरतीच चालतात, बाहेर तपासणी झाली तर पावत्या जपून नंतर परतावा मागायचा. याशिवाय गरोदरपणाच्या नोंदीनंतर ५०,००० आणि जन्मानंतर ५०,००० येनची सरकारी मदत असते, तिच्यासाठी तेव्हा आरोग्य केंद्रातल्या बाईंशी बोलणं आवश्यक होतं. त्या बाई माझ्याशी अर्धा तास बोलल्या. घरी मदतीला कोण आहे, झोप लागते का, नवऱ्याशी भांडण होतं का, सगळं विचारलं. परदेशात इतक्या आपुलकीनं मला कुणी ते विचारलं नव्हतं.

कळा कमी करण्याचं इंजेक्शन मी घेतलं नाही. तेव्हा त्याचे वेगळे दीड लाख येन पडत होते आणि क्लिनिकमध्ये ते फक्त कामाच्या दिवशी, दिवसा, ठरवून मिळायचं. ऑक्टोबर २०२५ पासून टोकियो सरकार त्यासाठी एक लाखापर्यंत मदत देऊ लागलंय, ठरलेल्या प्रसूतिगृहांतच. ज्यांना घ्यायचंय त्यांनी आपलं क्लिनिक त्या यादीत आहे का ते बघा.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात खर्चाचा अंदाज लिहिलेला एक कागद मिळाला. गुलाबी, एकाच पानाचा. नॉर्मल बाळंतपण ६ लाख २० हजार, वजा ५ लाख, तुमचे १ लाख २० हजार. खाली बारीक अक्षरात दोन ओळी होत्या: रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी जादा आकार, एकट्याची खोली हवी असल्यास जादा आकार. किती, ते लिहिलेलं नव्हतं. सिझेरियनचा तर उल्लेखच नव्हता. मी विचारलं तेव्हा काउंटरवरच्या बाई नम्रपणे म्हणाल्या, ते त्या वेळेवर अवलंबून. माझी तक्रार आहे ती या कागदाबद्दल. पोटुशी बाई त्या एका पानावर विसंबून पैसे बाजूला काढते. त्यावर सगळ्या शक्यता लिहिलेल्या हव्यात.

दिलेली तारीख होती ३० नोव्हेंबर २०२४. २९ ला शुक्रवारी रात्री अकराला पाणी गेलं. इथं बाळंतिणींसाठी टॅक्सीची सोय असते, आधी पत्ता, तारीख आणि प्रसूतिगृह नोंदवून ठेवायचं, नोंदणीला पैसे नाहीत. मी आठव्या महिन्यातच नोंदवलं होतं. फोन केल्यावर अकरा मिनिटांत गाडी दारात, सीटवर पाणी न झिरपणारी चादर अंथरलेली. ड्रायव्हरकाकांनी एकही प्रश्न न विचारता नेऊन सोडलं.

शनिवारी दुपारपर्यंत कळा दिल्या. मग बाळाचे ठोके दर कळेला खाली जायला लागले. डॉक्टरांनी यंत्राची पट्टी माझ्यासमोर धरली, खाली गेलेल्या जागी पेनानं तीन खुणा केल्या आणि सांगितलं, आता थांबायला नको. सुईणीनं भाषांतराचं यंत्र माझ्या तोंडाजवळ धरलं. त्यातून "शस्त्रक्रियेला तुमची संमती आहे का" असं मराठीत ऐकू आलं, आणि मला एकदम रडू फुटलं. चार वाजून दहा मिनिटांनी लेक झाली.

सिझेरियन झालं की विम्याचा हिशोब बदलतो. शस्त्रक्रिया म्हणजे उपचार, त्यामुळे त्या भागाला तीस टक्क्यांचा नियम लागतो. ठोक ५ लाखही मिळतातच. शिवाय विम्यात महिन्याच्या खर्चावर एक मर्यादा असते. माझ्या पगाराच्या गटाला तेव्हा ती ८०,१०० येन होती, आणि एकूण उपचारखर्च २,६७,००० च्या वर गेला तर वरच्या रकमेचा एक टक्का. माय नंबर कार्डाला, म्हणजे इथल्या आधारसारख्या ओळखपत्राला, विमा जोडलेला असेल तर ही मर्यादा दवाखान्यात आपोआप लागते, नसेल तर आधी दाखला मागवून ठेवावा लागतो. माझं कार्ड जोडलेलं होतं, म्हणून मी निश्चिंत होते.

ही मर्यादा कॅलेंडरच्या महिन्याप्रमाणे मोजतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी दाखल झाले २९ नोव्हेंबरला, घरी गेले ७ डिसेंबरला. नोव्हेंबरचे उपचार ३ लाख ६० हजारांचे, त्यावर मर्यादा लागून माझा वाटा ८१,०३०. डिसेंबरचे १ लाख ८० हजारांचे. ही रक्कम मर्यादेला पोचतच नाही, म्हणून पूर्ण तीस टक्के, ५४,०००. दोन्ही मिळून १,३५,०३०. हेच सगळं एका महिन्यात झालं असतं तर माझा वाटा ८२,८३० आला असता. म्हणजे महिना बदलला म्हणून ५२,२०० येन जास्त. याला इथं 'त्सुकी ओ मातागु' म्हणतात, महिना ओलांडणं. हा शब्द पाठ करून ठेवा. माझं सिझेरियन अचानक झालं, माझ्या हातात काही नव्हतं. पण ज्यांचं आधीच ठरलेलं असतं, त्यांनी तारीख घेताना हा शब्द उच्चारावा. डॉक्टरांना वैद्यकीय अडचण नसेल तर दोन दिवस इकडे-तिकडे करता येतं.

बाकीचं बिल असं: बाळंतपणाची आणि नवजात बाळाच्या देखभालीची फी ३,५०,०००, भरपाई योजनेचा हप्ता १२,०००, सुट्टीच्या दिवसाचा जादा आकार ५०,०००, एकट्याची खोली आठ रात्रींची ९६,०००, जेवणाचे दर जेवणी ४९० प्रमाणे वीस जेवणांचे ९,८००. विम्याच्या भागासकट एकूण ६,५२,८३०. त्यातून ५ लाख वजा, राहिले १,५२,८३०, अनामत सोडून काउंटरवर भरले १,०२,८३०. खोलीचे पैसे आणि जेवण त्या मर्यादेत येत नाहीत. चार जणींच्या खोलीत राहिले असते तर ९६,००० वाचले असते. पण टाके ओले, बाळ रडतंय, जपानी धड येत नाही, अशा वेळी मला एकटीची खोली हवी होती, आणि तो खर्च मला जड वाटला नाही.

इथं एक गोष्ट माझ्या कामी आली. लग्नानंतर वर्षभरात ऑफिसातल्या एका सीनियर बाईंनी आग्रह करून मला एक खाजगी विमा घ्यायला लावला होता, महिन्याला २,००० येनच्या आसपास हप्ता. दवाखान्यात राहिलं तर दिवसाला ५,०००, शस्त्रक्रिया झाली तर ५०,०००. नऊ दिवसांचे ४५,००० आणि शस्त्रक्रियेचे ५०,००० मिळून ९५,००० खात्यात आले. म्हणजे शेवटी बाळंतपण आम्हाला पडलं ५७,८३० येन. हा विमा दिवस राहण्याच्या आधी घेतलेला हवा. दिवस गेल्यावर घ्यायला गेलं तर त्या बाळंतपणातल्या अडचणी वगळूनच देतात. मुलाचा विचार मनात आला की पहिलं काम हे करा, अगदी घरी सांगायच्याही आधी.

नोकरी करणाऱ्यांसाठी अजून एक. बाळंतपणाआधीचे ४२ दिवस आणि नंतरचे ५६ दिवस कंपनीनं पगार दिला नाही तरी विमा साधारण दोन तृतीयांश देतो. मला दिवसाला ७,११३ येन, ९८ दिवसांचे. रजेत विमा आणि पेन्शनचे हप्ते माफ, माझे ते महिन्याला ४५,००० च्या आसपास वाचले. पण पैसे आले मार्चच्या शेवटी. मधले महिने घरात एकच पगार, आणि रहिवासी कर मात्र रजेतही भरावाच लागतो, त्याची पाकिटं दारात येत राहिली. तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच रजेवर जा. नवऱ्याच्या विम्यात अवलंबित असलेल्यांना हे रजेचे पैसे मिळत नाहीत, तेही लक्षात घ्या.

प्रसूतिगृहाच्या देखभालीबद्दल मात्र बोलावं तितकं थोडं. आम्ही माशांना शिवत नाही. पहिल्या दिवशी आलेल्या मिसो सूपला वास आला म्हणून मी वाटी बाजूला सारली. रात्री सुईण आली, यंत्रातून विचारलं, आणि सकाळी आहारतज्ज्ञ बाई स्वतः खोलीत आल्या. सूपाचं पाणी सुक्या माशाचं असतं, त्या जागी कोंबूचं, समुद्री शेवाळाचं पाणी वापरून त्यांनी माझ्या एकटीसाठी वेगळं पातेलं चढवलं. सहाव्या दिवशी बाळंतिणीला मेजवानीचं ताट देतात, त्यातही सगळं तोफू आणि भाज्यांचं. आईनं नेलेले डिंकाचे लाडू बघून सुईणीनं त्यात काय काय आहे ते वहीत लिहून घेतलं. इथल्या सुइणी गोड-तुपकट खाल्लं तर दुधाच्या गाठी होतात म्हणतात, तरी आईला दुखवलं नाही. दिवसाला एक चालेल, असं सांगितलं. आईनं ते ऐकलंही.

घरी निघायच्या आदल्या दिवशी लेकीची नाळ गळून पडली. सुईणीनं ती कापसात ठेवून काडेपेटीएवढ्या पांढऱ्या लाकडाच्या पेटीत घातली, वर जन्माची तारीख आणि वेळ लिहिली, आणि दोन्ही हातांनी आईकडे दिली. आई पेटीकडे बघत राहिली. आपल्याकडे नाळ पुरतात, आणि इथं जन्मभर जपून ठेवतात, हे तिला कळल्यावर तिनं पेटीला हळदीकुंकू लावलं. ती पेटी आमच्या देवघरात आहे.

जन्मानंतरचे कागद नवऱ्यानं केले. १४ दिवसांच्या आत कुयाकुशोत जन्मनोंद, ३० दिवसांच्या आत शिनागावाच्या इमिग्रेशनमध्ये बाळाच्या व्हिसाचा अर्ज. पासपोर्ट नसला तरी तो घेतात. भारतीय दूतावासात जन्माची नोंद वर्षाच्या आत करायची, नाहीतर नागरिकत्वाचं काम लांबतं. विम्यात बाळाचं नाव लगेच घाला. २ डिसेंबर २०२४ पासून विम्याची जुनी कार्डं देणं बंद झालं, त्यामुळे लेकीला पात्रतेचा दाखला मिळाला. टोकियोच्या आमच्या वॉर्डात मुलांच्या उपचाराला पैसे पडत नाहीत. तिला दोनदा ताप आला, एकदा कान फुटला, एक येनही लागला नाही.

प्रसूतिगृहाला पाचपैकी चार गुण देते. सुइणी, डॉक्टर आणि स्वयंपाकघर यांना पाच. एक कमी त्या गुलाबी कागदासाठी. बाळंतपणानंतर महिन्यानं तपासणीला गेले तेव्हा काउंटरवरच्या बाईंना माझी दोन महिन्यांची बिलं समोर ठेवून सांगितलं, की सिझेरियनचा अंदाज आणि महिना ओलांडण्याची ओळ या कागदावर हवी. त्यांनी लिहून घेतलं, वाकून आभार मानले. यंदा दिवाळीत खालच्या मजल्यावरची जळगावची मुलगी तोच गुलाबी कागद घेऊन माझ्याकडे आली. खोलीचा दर आता छापलेला आहे, सुट्टीच्या दिवसाचा आकारही. महिन्याची ओळ अजून नाही. ती मी पेनानं लिहून दिली.